मिठाची आण

मारेगावकडच्या बंजारा तांड्यावर उन्हाळ्यात गडीमाणसं उघडी फिरायची, तेव्हा माझे सासरे मनगटापर्यंत बाह्या लावून बसायचे. तांडा त्यांना फौजी म्हणायचा. गोऱ्यांच्या राज्यात, मोठ्या लढाईच्या वेळी ते पलटणीत होते. मी शाळा फारशी पाहिली नाही, पण माणूस वाचता येतो मला. बाह्यांखाली काहीतरी होतं.

त्यांच्या लेकीला, सोनीला, मी पाहायला गेलो, तेव्हा पाणी देताना त्यांची बाही सरकली. हातावर पांढरे, चकाकणारे चट्टे. माझा बाप ताडकन उठला. 'महारोग हाय,' कोणीतरी पुटपुटलं. तांड्याच्या नाईकानं विनवलं, 'फौजी, सांग ना बाप्पा, काय झालतं? पोरीचं लगन मोडून राह्यलं.'

'मीठ हातात घेऊन आण घेतली हाय, नाईक. सांगता येत नाई.'

'अरे, इंग्रज गेला. आता कोणाची आण?'

'मीठ माह्या हातात होतं.'

आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले. मिठाची आण आमच्यात कोणी मोडत नाही. सगळे उठले. मी उठलो नाही. 'मले पोरगी पसंत हाय,' म्हटलं. बापानं वर्षभर माझं तोंड पाहिलं नाही. नको पाहू म्हटलं.

पोरगा झाला. फौजी त्याला दुरूनच खेळवायचे, मांडीवर कधी घेत नसत. एक दिवस सोनी भडकली. 'बा, माह्या लेकराचा इटाळ हाय का तुले?'

तेव्हा ते रडले, आणि बोलले. छावणीत दोस्त मुलखांचे साहेब जमले होते. लढाई मिळून, तसा शोधही मिळून. 'एकाचा ग्यास, दुसऱ्याचा मुखवटा, तिसरा घड्याळ पाहे. ग्यास सोडत ते हात आमचे. फोड आले का लिहून घेत. हे काय हाय, ते आमाले सांगतलं नाई. लेकराले लागलं त?'

यवतमाळच्या डॉक्टरनं हात पाहिला. जुनी भाजलेली कातडी, कोणाला लागत नाही म्हणाला. त्या दिवशी त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, आणि त्याच दिवशी मीठ सोडलं. 'आण मोडली न मी, जवाईबापू.' मरेपर्यंत अळणी जेवले. माझा हट्ट पुष्कळांपुढे चालला, त्यांच्यापुढे नाही.

हल्ली टीव्हीवर दोन देशांचे मंत्री मिळून शस्त्रं शोधायच्या गोष्टी करतात. पोरगा म्हणतो, चांगलं आहे. असेल. मला मात्र सासऱ्यांचं शेवटचं आजारपण आठवतं.

'त्या साहेबाइले जे पाहाचं होतं, ते दिसलं का?'

'दिसलं असन, मामाजी.'

'मंग मले काहून नाई सांगतलं?'

मी त्यांना कूस बदलून दिली. भिंतीकडे तोंड करून ते पडून राहिले.