मंगलाबाईंचे पंधरा फूट

"मंगलाबाईंनी रस्ता अडवला" असं आमच्या कॉलनीत हल्ली कुणीही तोंड वर करून बोलतं आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो रस्ता आला कुठून हेच माहीत नाही. उरलेल्यांना माहीत आहे आणि तरी ते बोलतात. मला जास्त राग त्यांचा येतो. म्हणून हे लिहितोय. मी काही लेखक नाही. धनराज केदारे, अंबडला एका कारखान्यात टर्नर. मंगलाबाई गांगुर्डे यांच्या घरापासून माझं घर तिसरं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला असलेल्या आमच्या बापलोकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी मिळून इथे प्लॉट घेतले. बत्तीस घरं, एक विहार आणि मधून एकच गल्ली, पंधरा फुटांची. गल्लीला तोंडही एकच, आणि तिथेच काटकोनात वळण. वळणाच्या एका अंगाला विजेची डीपी, दुसऱ्या अंगाला मंगलाबाईंचं अंगण; त्यांच्या घराचं दार वळणाच्या पुढे, आत.

मंगलाबाई तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. बुटक्या, आवाज मात्र विहारात माईक लागू नये असा. कुणाकडे कधी टेकायच्या नाहीत, दारात उभ्या उभ्या काम सांगून निघायच्या. कॉलनीचा नळ, दिवे, गटार, प्रत्येक अर्ज त्यांच्याच टपोऱ्या अक्षरातला. सरकारी ऑफिसात "साहेब जेवायला गेलेत" असं कुणी म्हटलं, की "जेवू द्या की, मला कुठं घाई आहे" म्हणून बाकावर ठाण मांडायच्या आणि अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय उठायच्या नाहीत. कागदावर त्यांचा फार विश्वास. पुढे त्या कागदानंच त्यांचा घात केला.

२०११ सालची गोष्ट. त्यांचे मालक हिरामणभाऊ सकाळच्या पाळीला निघताना दारातच छाती धरून बसले. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर आली, पण वळणावर अडली. ड्रायव्हरनं तीनदा पुढेमागे केली, वळेना. मग चौघांनी त्यांना घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून उचललं. एक पाय मी धरला होता. एक धरला होता मनोजनं, गल्लीच्या शेवटच्या घरातला कॉलेजात जाणारा पोरगा. गाडीपर्यंत पोहोचलो तेव्हा हिरामणभाऊंची मान कलंडलेली होती.

जलदान विधीच्या दिवशी पंगती उठल्या, पाहुणे निघाले आणि मंगलाबाईंनी पहार उचलली. आम्हाला वाटलं, दुःखानं काहीतरी करतायत. त्या बाहेर आल्या आणि स्वतःच्या कंपाउंडवर पहिला घाव घातला. समोरची डीपी हलणार नव्हती, त्यामुळे वळण रुंद करायचं तर सगळी जागा त्यांच्याच अंगणातून जाणार होती. पंधरा फूट. ओटा गेला, पाण्याची टाकी गेली, जाईचा मांडव गेला. दुपारनंतर आम्हीही हातोडे घेऊन आलो. पुढच्या महिनाभरात आत दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घरानं साडेसात-साडेसात फूट मागे घेतलं. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. पंधरा फुटांची गल्ली तीस फुटांची झाली, म्हणजे नऊ मीटरची.

डांबर पडावं म्हणून मंगलाबाईंनी अर्ज लिहिला: आम्ही खाली सही करणारे रहिवासी आपापली जागा राजीखुशीने रस्त्यासाठी सोडत आहोत, तरी सदर रस्ता नऊ मीटरचा धरून डांबरीकरण व्हावे. बत्तीस सह्या. डांबर पडलं. माझी आई, चांगुणाबाई, अर्ध्या अंगानं गेलेली आहे. गेल्या वर्षी दोनदा तिला आमच्या दारातून स्ट्रेचरवर उचललं आणि दोन्ही वेळा ती जिवंत परत आली. असं प्रत्येक घराचं काही ना काही आहे. विचारा जाऊन.

मग मनोजचं डोकं चाललं. तो आता मोठा बांधकामवाला झाला होता, राहायला कॉलेज रोडला. गल्लीच्या आतल्या टोकाची तीन घरं त्यानं घेतली, पाडली आणि बोर्ड लावला: खाली दुकानं, वर रेस्टॉरंट आणि बार, त्याच्यावर पार्टी हॉल. आमच्या गल्लीत. जिथे संध्याकाळी बायका दारात बसून पालेभाजी निवडतात आणि पोरी क्लासहून चालत घरी येतात. बोर्ड बघून माझ्या तोंडात शिव्याच आल्या, त्या इथे लिहीत नाही.

मंगलाबाईंनी महापालिकेत हरकतीचा अर्ज केला. सुनावणीला आम्ही वीस जण गेलो. साहेब सभ्य होते, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अशा इमारतीला नऊ मीटरचा रस्ता लागतो. तुमचा आहे का तेवढा?" मनोजनं शांतपणे एक कागद टेबलावर सरकवला. २०११ चा अर्ज. शिक्का, पोच, सगळं.

"बाई, अक्षर तुमचंच आहे ना?" तो म्हणाला.

लहानपणी त्यानं याच बाईंच्या हातची अंगणवाडीतली खिचडी खाल्ली होती. त्या रस्त्यापायी कोण मेलं हे त्याला नुसतं ऐकून माहीत नव्हतं, त्या माणसाला त्यानं स्वतःच्या हातांनी उचललं होतं. आणि तोच कागद शोधून तो घेऊन आला होता. मी उठलो होतो, शेजारच्यानं मला शर्ट धरून खाली बसवलं.

मंगलाबाईंनी मनोजकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांना विचारलं, "ही जागा कुणाच्या नावावर आहे?"

साहेबांनी नकाशा पाहिला. "नोंदणी झालेली नाही. मालकी अजून तुमचीच. पण जागेवर रस्ता तीस फूट आहे आणि तुम्ही लिहून दिलंय. आमचा माणूस पंधरा दिवसांनी येऊन मोजेल. रस्ता जिथे सगळ्यात अरुंद असेल, तिथलं माप धरतात."

त्या संध्याकाळी विहारात सभा झाली. सगळे तावातावानं बोलत होते. भिंती पुढे घ्या, दाखवून देऊ, आपली जागा आपल्या बापाची. मग कुणीतरी विचारलं, सुरुवात कोण करणार, आणि एकदम सगळे खाली बघायला लागले. एकाची कार आता दारापुढे उभी असते. दुसऱ्यानं नव्या फरश्या बसवल्यात. तिसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. मला लाज वाटली, पण मीही पुढे झालो नाही.

मंगलाबाई उठल्या. "तुमची कुणाची गरज नाही. तोंडाशी जागा माझी एकटीची आहे. तेवढी बांधली की झालं."

"पण मग वळण?" मी म्हणालो. "गाडी वळायची नाही, बाई. माझ्या आईचं काय?"

"मला कळत नाही का रे ते?" त्या म्हणाल्या. "हॉल झाला की दोन्ही बाजूंना त्याच्या गाड्या लागतील. रस्ता तसाही बंदच होणार आहे. तेव्हा आपल्याला कुणी विचारणारसुद्धा नाही. त्यापेक्षा मी बंद करते."



गवंडी एकच मिळाला, म्हणून मी रजा टाकून त्याच्या हाताखाली उभा राहिलो. कारखान्यात मी काम करतो ते केसाच्या मापानं. त्या भिंतीची जुनी रेघ डांबराखालून शोधून काढली ती मीच, आणि विटा लावल्या त्याही बऱ्याच मीच. चार दिवस मंगलाबाई उन्हात उभ्या होत्या. रडल्या नाहीत. मनोजचं नाव घेऊन जे बोलायचं ते मात्र मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी मनोज स्वतः आला. गाडीची काच खाली करून म्हणाला, "बाई, लोकांचा रस्ता अडवताय तुम्ही. उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर?"

त्या त्याच्या खिडकीपाशी गेल्या. "हे तू मला सांगतोस? तू?"

एवढंच म्हणाल्या. तो काच वर करून निघून गेला. त्याचे शब्द मात्र गेले नाहीत. लोक आज तेच बोलतात, जसेच्या तसे.

मोजणारा आला, वळणावर टेप लावला, पंधरा फूट लिहून घेतलं. मनोजला परवानगी नाकारल्याचा कागद आला तेव्हा कॉलनीत पेढे वाटले, फटाके वाजले. कालपर्यंत खाली बघणारे सगळ्यात जास्त नाचत होते. ती वरात मंगलाबाईंना पुढे घालून एकेका दारात जात आमच्या घरी आली. आई पुढच्या खोलीत कॉटवर होती. तिला सगळं कळतं, फक्त शब्द जड येतात.

"आता भिंत काढणार ना, मंगला?" आईनं विचारलं.

"काढली की तो परत अर्ज करील, चांगुणाबाई. राहणार ती आता."

आईनं मान तिच्याकडे वळवली. "मग पुढच्या वेळेला मला?"

खोलीत बारा-पंधरा माणसं होती, हातात पेढ्यांचे बॉक्स. दारात आणखी तेवढीच. ज्यांच्या मुलींना आता बारच्या गिऱ्हाइकांमधून घरी यावं लागणार नव्हतं ते होते, विहारात मोठ्यानं ओरडलेले सगळे होते. मी आईच्या उशाशी उभा होतो. "हे आपण सगळ्यांनी केलं" एवढं कुणीतरी म्हणायचं होतं. कुणी म्हटलं नाही.

"गाडी कोपऱ्यापर्यंतच येईल," मंगलाबाई म्हणाल्या. "ते मी केलंय."

आईनं डोळे मिटून घेतले. विटा मी रचल्या होत्या, आणि मी तोंड उघडलं नाही.