पंचगंगेकाठची आठ एकर

पुणे स्टेशनवर भाऊसाहेब आले ते बंदूक, घडीची खुर्ची आणि पन्नास फुटी टेप घेऊन. मी एक वळकटी आणि फराळाचा डबा सांभाळत उभा होतो. "मास्तर, जमीन घ्यायला निघालोय आपण, श्राद्धाला नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. तेव्हापासून सुरू झालेली माझी तणतण हे लिहीपर्यंत थांबलेली नाही.

भाऊसाहेब आमचे शेजारी, बांधकामाचे ठेकेदार. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि तिकडचे जमीनमालक कूळकायद्याच्या धास्तीनं जमिनी विकू लागले होते. पंचगंगेच्या काठची आठ एकर मिळत होती. ऊस लावावा, आंब्याखाली बंगली बांधावी, थंडीत बदकं मारावीत, आणि दहा वर्षांनी दुप्पट भावानं विकावी, असा त्यांचा बेत. बिगरशेतकऱ्याला जमीन घेता येत नव्हती, पण साताऱ्याकडे त्यांच्या नावावर बापजाद्यांची दोन एकर होती. तिथे त्यांनी उभ्या जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं, तरी कागदोपत्री ते शेतकरीच. जमिनीत माझाही चौथा हिस्सा होता, पण मी शेतकरी नसल्यानं तो नुसता तोंडी.

मिरज सोडल्यावर डब्यात हुपरीचा एक चांदीकाम करणारा भेटला. पैंजणांची पुरचुंडी पोटाशी धरून बसला होता. कुठे चाललात म्हणाला, तेव्हा भाऊसाहेबांनी सगळं पुराण ऐकवलं.

"कूळ बघितलासा का आदी?" त्यानं विचारलं.

"कूळ नाही जमिनीवर."

"पंचगंगंच्या काठाला आन् कूळ न्हाय?" एवढंच म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. आम्ही हसण्यावारी नेलं.

हातकणंगल्याला मालकाचा कारभारी बैलगाडी घेऊन आला होता. जुनं कूळ इचलकरंजीला मागावर कामाला गेलं, जाताना राजीखुशीनं जमीन सोडल्याचा कागद देऊन गेलं, असं त्यानं आपणहून सांगितलं. उद्या मामलेदारासमोर त्याची शहानिशा झाली की मोकळे. जमिनीवर सध्या फक्त एक राखणदार, बायकोसह राहतो.

जमीन मात्र देखणी होती, हे खोटं कशाला बोलू? हुपरीच्या अलीकडे नदी एक संथ वळण घेते, त्या वळणात काळीभोर माती, कमरेएवढा शाळू, पलीकडे ऊस. विहिरीजवळ पाच आंबे. गुऱ्हाळाचा गोड धूर गावाकडून येत होता. जमीन सोडून गेलेल्या कुळाच्या शेतात इतका निगुतीचा शाळू कोणी पेरला, हा प्रश्न भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला पडायला हवा होता. पडला नाही. मी आंबे बघत होतो.

इतक्यात नदीवर बार झाला. भाऊसाहेबांचा नेम चुकला, पण बदकांचा थवा उडाला आणि शाळवातून एक उंच माणूस तरातरा आला. तोच राखणदार, बाळगोंडा. जैन शेतकरी, पन्नाशीचा असेल.

"पावणं, हितं बार काढायचा न्हाय. आमच्यात चालत न्हाय."

भाऊसाहेब काही बोलणार तोच कारभारी मध्ये पडला. हे मालकांचे पाहुणे, पुण्याचे, हवा खायला आलेत, म्हणाला. बाळगोंडाचा आवाज तसाच चढा राहिला, पण शब्द बदलले. "मग आदी सांगायचं की. जेवायला यायचं. दिस मावळायच्या आत या म्हंजे झालं."

येतो, असं आम्ही सांगितलं. नंतर भाऊसाहेबांनी टेप काढली. बंगली कुठे, नदीत उतरायच्या पायऱ्या कुठे, मोटार कुठे उभी करायची, हे मापत ते हिंडले. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. सूर्य पार बुडाला तेव्हा आम्ही बाळगोंडाच्या खोपीत पोचलो.

त्याची बायको पद्माक्का (अक्का म्हणजे थोरली बहीण, सगळं गाव तिला अक्काच म्हणे), तिनं कंदील लावून पानं वाढली. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, घट्ट दही, वाटीत काकवी (उसाच्या रसाचा पातळ पाक). चवीचं काय सांगू, मी तीन भाकरी खाल्ल्या. तिसरी खाताना चुलीशेजारी दोन रिकाम्या थाळ्या पालथ्या दिसल्या.

"तुमचं जेवण?" मी विचारलं.

"ऱ्हायलं," पद्माक्का म्हणाली. "पावण्याच्या आदी आमी बसत न्हाय, दिस मावळल्यावर खात न्हाय. आता उद्या उजाडल्यावर."

मी हातातला घास पानात ठेवला. भाऊसाहेबांना ऐकूच गेलं नसावं. त्यांनी आणखी दही मागून घेतलं आणि बाळगोंडाला विचारलं, "किती वर्षं राखणीला आहेस?"

"राखणीला?" बाळगोंडा हसला. "कसतोय की. माझा आज्जा कसत हुता, बा कसत हुता. आता हिरीवर इंजन येनार म्हंत्यात. परवाच अंगठा दिलाय की अर्जावर. उद्या कचेरीत जायाचं हाय ह्यांच्यासंगं."

कारभारी पानाकडे बघत राहिला. भाऊसाहेबांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. त्या चिमट्यानं मला सगळं कळलं. त्यांना हे पुण्यापासून ठाऊक होतं.

हात न धुताच मी बाळगोंडाला म्हणालो, "तो अर्ज इंजिनाचा नाही. तुम्ही जमीन सोडल्याचा कागद आहे तो. उद्या मामलेदार विचारेल, तुम्ही हो म्हटलंत की संपलं."

भाऊसाहेब उठून बाहेर गेले, पाठोपाठ कारभारी. थोड्याच वेळात गाडीचा खडखडाट दूर गेला. बाळगोंडा माझ्याकडे बघत होता.

"आन् घेनार कोन? तुमी?"

"होय. आम्हीच."

"मग ताकाला येऊन भांडं लपवायचं व्हय? ह्ये पानावर बसायच्या आदी सांगायचं."

पद्माक्कानं माझं पान उचललं आणि बाहेर कुत्र्याला टाकलं. त्यांच्या गावातल्या बस्तीच्या (जैन मंदिराच्या) कट्ट्यावर मी रात्र काढली.

उजाडल्यावर मी परत खोपीपाशी गेलो. ती दोघं जेवली. मग बाळगोंडा हातकणंगल्याच्या वाटेला लागला. मी दहा पावलं मागं. जवळ ये म्हणाला नाही, मागं फीर म्हणाला नाही. कचेरीत कारभारी आधीच हजर होता, पण मला बघून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"जमीन राजीखुशीनं सोडतोस का?" मामलेदार साहेबानं विचारलं.

"न्हाय. कसतोय आन् कसनार."

कारकुनानं तसा जबाब लिहिला. अंगठ्यापूर्वी बाळगोंडानं तो माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग तोच कागद कारकुनाला सांगून बाहेर लोकांचे अर्ज लिहीत बसलेल्या अर्जनविसाकडे नेला आणि त्याच्याकडूनही वाचून घेतला. दोघांचं जुळलं तेव्हा शाईला हात लावला. मला राग आला, आणि पुढच्याच क्षणी त्या रागाची लाज वाटली.

दुपार झाली होती. समोरच्या खानावळीत दोन घास खाऊ, असं मी म्हणालो.

"तुमच्यासंगं नगं," तो म्हणाला. "गाडी हाय न्हवं तुमाला? जावा. परत येऊ नगासा."

पुण्याला आल्यावर भाऊसाहेबांनी आळीभर सांगितलं की मास्तरानं हातातोंडाशी आलेली जमीन घालवली. लोक मला भला माणूस म्हणू लागले, त्यानं तर माझं डोकं आणखी फिरतं. मी भाऊसाहेबांना शिव्या घालतो, कारभाऱ्याला घालतो, पण त्या दुपारी टेपचं दुसरं टोक धरून हिंडत असताना पाचातला नदीकडचा आंबा मी माझ्यासाठी मनात राखून ठेवला होता. कुळाबद्दल मी एका शब्दानं कोणाला विचारलं नाही. बाळगोंडा इंजिनाचं बोलला नसता, तर आज त्या झाडाखाली बसून मीही म्हणत असतो की इथं कूळ नव्हतंच.