बुडबुड्यातली आत्या

आमच्या घराण्याला उंची सोसत नाही. माझे वडील बल्ब बदलायला स्टुलावर चढले की आई खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहते. मी स्वतः दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालतो तेही भिंतीला चिकटून. अशा घरात आत्या कुठून जन्माला आली हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. आत्या हेलिकॉप्टर चालवते. शेतांवर औषध फवारते, जिथे रस्ता नाही अशा डोंगरावर तारा आणि खांबांचं सामान पोचवते, आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी महाग झाली म्हणून कुरकुरते.

हेलिकॉप्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुढारी उतरतात ते चकचकीत प्रकरण येतं. आत्याचं तसलं नाही. ते वयाने आत्याहून मोठं आहे. पुढे काचेचा भलामोठा गोल, त्यात शेजारी शेजारी तीन माणसं अंग चोरून बसतात, आणि मागे शेपटीच्या जागी नुसता नळ्यांचा सांगाडा. बांधणाऱ्याला मध्येच कुणीतरी जेवायला हाक मारली असावी. काचेमुळे आम्ही त्याला बुडबुडा म्हणतो. मी जमिनीवरून टँकर घेऊन त्याच्यामागे फिरतो. इंधन, पाणी, औषध आणि आत्याचा चहा एवढी माझी खाती.

आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, हे बुडबुड्याचे मिस्त्री. त्यातला एकेक बोल्ट त्यांच्या हाताखालून गेलेला, पण त्यात बसून त्यांनी कधी जमीन सोडली नव्हती. का म्हणून विचारलं तर सांगायचे, "आत काय काय आहे ते मी बघितलंय ना, म्हणून."

आत्याचं उडणं बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी वाचा बसली होती, हे कबूल करतो. झाडांच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने ती सरळ रेषेत जायची, शेताच्या टोकाला तारा दिसल्या की वर उसळून, जागच्या जागी वळून पुन्हा खाली. आणि हे सगळं कानांच्या भरवशावर. समोरच्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे ती क्वचितच बघायची. जुनं इंजिन पाठीमागे ढोल बडवल्यासारखं धडधडायचं आणि त्या धडधडीतून तिला सगळं कळायचं, ओझं जास्त झालंय, वारा पडलाय, इंजिन दमलंय. त्यामुळे डोळे मोकळे राहायचे, बाहेर बघायला. फवारणीच्या धंद्यात माणूस मरतो तो बहुधा न दिसलेल्या तारेमुळे.

मग त्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि कडक उन्हात ते अर्धी टाकी औषधसुद्धा उचलेना. आतोबांनी एक अख्खा हिवाळा शेडमध्ये काढून त्याजागी टर्बाइन, म्हणजे जेटच्या जातीचं इंजिन, बसवलं. जुनं इंजिन काढताना साखळी-कप्पी लावावी लागली होती. नवं आम्ही दोघांनी हातांनी उचलून टेबलावर ठेवलं, आणि मी आतोबांकडे बघत राहिलो, की आपण फसवले तर गेलो नाही ना? पण तपासणी झाली, परवाने आले, आणि बुडबुडा असा उठला की मी दोन पावलं मागे सरलो. ज्या यंत्राला कुणी संग्रहालयातही फुकट घेतलं नसतं ते भर दुपारी पूर्ण टाकी घेऊन तरंगत होतं.

सगळे खूश, एकटी आत्या सोडून. टर्बाइनची नुसती शिट्टी असते, एकसुरी. "कुकरच्या शिट्टीवरून भात झाला एवढं तरी कळतं," ती म्हणाली. "ही काहीच सांगत नाही." कान उपयोगाचे राहिले नाहीत तसे तिचे डोळे आत वळले, काट्यांवर. एकदा सरावात काट्यावरून नजर उचलली तर समोर तार. कशीबशी वर गेली. उतरल्यावर बराच वेळ काचेच्या आत बसून राहिली. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "दोनच डोळे आहेत रे मला. आत ठेवू का बाहेर?"

त्या आठवड्यात तिने आतोबांना सांगितलं की बुडबुडा विकून टाका, मी थांबते. एक घेणारा येऊन बघूनही गेला. मी मात्र आत्याशी भांडलो. मला वाटत होतं, ही बाई जमिनीवर राहिली तर आम्ही सगळेच जरा बुटके होऊ. ती म्हणाली, "तुला काय जातंय, तू टँकरमध्ये बसतोस."

आणि मग चेरीच्या बागवाल्या बाईंचा फोन आला. चेरी पिकून तोडणीला आलेली असताना पाऊस झाला की पाणी देठाच्या खळग्यात साचून राहतं. वर ऊन पडलं की फळ ते पाणी पितं, फुगतं आणि साल तडकते. पाऊस थांबल्यापासून ऊन येईपर्यंत हेलिकॉप्टर झाडांच्या अगदी डोक्यावर सावकाश चालवायचं, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने पाणी झडतं. फार खाली आलं तर फळंच झडतात, फार वर राहिलं तर पाणी हलत नाही. बाकीची सगळी हेलिकॉप्टरं दुसऱ्या बागांवर गेलेली. आत्याने फोन ठेवला, हेडफोन उचलला आणि म्हणाली, "एवढं करून देते."

पाऊस थांबल्यावर बागेच्या शेडपाशी ती बुडबुडा सुरू करायला बसली. जुनं इंजिन सुरू होताना अडखळलं की आत्या इंधनाची मूठ जराशी पिळून त्याला थोडं जास्त पाजायची. टर्बाइन रेंगाळत असताना तसं केलं तर आतली आग बाहेर ढकलायला वारा पुरत नाही, आणि ते स्वतःलाच जाळून घेतं. त्या दिवशी बॅटरी जरा मंद होती, शिट्टी हळूहळू चढत होती, आणि आत्याच्या हाताने इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप मूठ पिळली. तापमानाचा काटा सरसर वर निघाला. आतोबा बाहेरून ओरडायच्या आत तिनेच इंधन तोडलं.

आतोबांनी वाकून सगळं तपासलं. काटा लाल रेघेच्या अलीकडे थांबला होता, इंजिन वाचलं होतं. मी टँकरमधली दुसरी बॅटरी आणून जोडली. ढग पातळ होत चालले होते. बागवाल्या बाईंनी एकदाही घाई करा म्हटलं नाही, आणि तेच जास्त टोचत होतं.

आत्याचे हात मांडीवर होते. ती म्हणाली, "अहो, तुम्ही बसा शेजारी. तुम्ही काटे बघा आणि मला सांगत राहा. मी झाडं बघते."

मला वाटलं, आता आतोबा काहीतरी कारण काढतील. त्यांनी हात पुसले, चष्मा पुसला, पुन्हा हात पुसले, आणि आत जाऊन बसले.

या वेळी शिट्टी नीट चढली. दोघांना घेऊन बुडबुडा सहज उठला. मी टँकरच्या टपावर चढलो, उंचीची भीती विसरून, हे नंतर माझ्या लक्षात आलं. पहिल्या रांगांवरून ती माझ्या जवळून गेली तेव्हा काचेतून दिसलं, आतोबा काट्यांवर वाकलेले, ओठ सारखे हलताहेत. खाली झाडं अंग घुसळत होती आणि पाण्याचा पांढरा धुरळा रांगेच्या दोन्ही बाजूंनी उडत होता. आत्या माणसाच्या चालीने पुढे सरकत होती. फांद्या वाकत होत्या, पण फळ गळत नव्हतं. इतक्या जुन्या यंत्राकडून इतकं नाजूक काम होतं, ही गोष्ट डोळ्यांनी बघूनही पटत नव्हती. पुन्हा ती जवळ आली तेव्हा आतोबा ताठ बसले होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. मी घाबरलो. मग दिसलं की त्यांना काही झालेलं नाही, ते फक्त बाहेर बघताहेत.

ऊन पडलं तेव्हा बाईंची खालची बाग कोरडी होती, डोंगरउतारावरची वरची बाग तेवढी राहिली होती. आत्या उतरली, इंजिन थंड होऊ दिलं आणि बंद केलं. पाती थांबली. मी दारापाशी पोचलो तोवर तिची उलटतपासणी सुरू झाली होती.

"तुम्ही गप्प कधी झालात?"

"कधीचाच."

"आणि काटे?"

"राहिले बघायचे."

"मग बघत काय होता?"

आतोबा म्हणाले, "इतकी वर्षं तुझं इंजिन बघितलं. तू काय करतेस ते कधी बघितलंच नव्हतं."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग वर, थांबलेल्या पात्यांकडे. "म्हणजे मला सांगत कोण होतं?" ती स्वतःशीच म्हणाली. "ही पाती तर जुनीच आहेत की. इंजिन बदललं तरी यांची फडफड बोलतच होती. मीच त्या शिट्टीला कान लावून बसले होते."

मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उतरा आता. वरच्या बागेवर अजून डोंगराची सावली आहे, एकटी जाऊन येते. आणि त्या घेणाऱ्याला कळवा, विकायचा नाही म्हणून."

आतोबा उतरले. मी त्यांच्यासाठी शेडमधून खुर्ची आणून ठेवली, पण ते बसले नाहीत. बसल्यावर शेडच्या छपराआड ती दिसली नसती.