पाटी धरणारा हात

मला राग पटकन येतो आणि पटकन उतरतो, असं आमच्या घरचे म्हणतात. त्या वर्षीचा राग मात्र उतरला नाही. माझी मुलगी आता स्वतः आई झाली, तरी इंदूरच्या त्या शाळेवरून रिक्षा निघाली की मी तोंड फिरवून बसते.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, नुकतीच पहिलीत घातलेली. बाळंतपणात मी फार अडले होते आणि त्यात तिचा उजवा हात आखडला. कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली, अंगठा आत. बाकी पोर चुणचुणीत. सगळं डाव्या हाताने करायची आणि झकास करायची. शाळा सुरू होऊन महिनाही झाला नसेल, तर दप्तरातून चिठ्ठी आली. मुलीला लिहिता येत नाही, सबब दिवाळीपर्यंत उजव्या हाताने लिहू न लागल्यास नाव कमी करण्यात येईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला लिहिता येत नाही? घरातली अर्धी भिंत तिने खडूने लिहून ठेवली होती. नवरा गिरणीच्या ऑफिसात कारकून, शांत माणूस. तो म्हणाला, “छोड ना. घरीच शिकव तिला. कशाला फालतूमधे पंगा घेतेस?” त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

आमच्या घरात डाव्या हाताचं वावडं होतं, हेही इथेच सांगायला हवं. सासरे दरबारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. दरबार गेला तरी त्यांचा रुबाब गेला नव्हता. पाटावर बसलं की पाठ ताठ, आणि पंगतीत कुणी डावा हात ताटात घातला की ते ताटावरून उठून जात. म्हणून जेवायच्या वेळी मी मुलीचा डावा हात तिच्याच रिबनीने मागे परकराच्या नाडीला बांधत असे. मग मी भरवायचे. तीन वर्षं असंच चाललं होतं. मला त्यात काही वाटत नव्हतं.

महूला फौजी दवाखान्यात एक बाई आहेत, त्या जखमी जवानांच्या हातांवर काम करतात, असं शेजारणीकडून कळलं. मी मुलीला घेऊन गाडीत बसले. बाई मुंबईला शिकलेल्या, एका मेजरच्या पत्नी, बोलायला सरळसोट. बाहेरची मुलं त्या बघत नसत, पण आम्ही दारातून हललो नाही तेव्हा आत घेतलं. त्यांच्या खोलीत कणकेचे गोळे, कपडे वाळत घालायचे चिमटे, सुतळीची गुंडी, अशा घरातल्याच वस्तू. या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. रोजची साधी कामं करता करता हाताला काम शिकवायचं, एवढंच ते, असं बाई म्हणाल्या.

त्यांनी मुलीची मूठ हळूहळू उघडली, अंगठ्यापासून. पोर एकदाही रडली नाही.

“लिहिणारा हात हिचा डावाच,” त्या म्हणाल्या. “तो तसाच राहू द्या. उजव्याला मदतीला आणू. पाटी दाबून धरायची, डबा धरायचा, कणीक तिंबायची. रोज अर्धा तास, न चुकता. शाळेतच करा, म्हणजे हात तिथल्या कामाला लागेल. महिन्यातून एका शनिवारी मी येऊन बघेन. आणि डावा हात कुणी बांधत नाही ना? काही घरांत बांधतात.”

“छे, कोण बांधतंय,” मी म्हटलं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

तो अर्धा तास मागायला गेले, तर शाळेच्या मोठ्या बाईंनी मला चहा दिला आणि गोडगोड बोलून दार दाखवलं. “आम्हाला काय प्रॉब्लेम आहे हो? पण बाकी बच्च्यांवर असर पडतो ना. ग्रँटसाठी साहेब येतात, आता तर सगळे कागद भोपाळला जातात. तुम्ही असं करा, कमिटीला विचारा.”

कमिटी म्हणजे आमचीच माणसं. टोप्या, काठ्या, उपरणी. माझ्या माहेरच्यांना ओळखणारे, लग्नात माझ्या डोक्यावर अक्षता टाकलेले. त्यांतले एक म्हणाले, “शाळा आहे का अस्पताल? आज हिचा हात, उद्या कोणाचा पाय. इथे पढाई होते बेटा, मालिश नाही.” बाकीचे हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. मी उभी राहिले आणि सांगितलं की अर्ध्या तासाची परवानगी लेखी मिळेपर्यंत मी रोज येऊन या बाकावर बसेन, आणि का बसले ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. चार दिवस बसलेसुद्धा. पाचव्या दिवशी परवानगी आली. अट अशी की आईने स्वतः येऊन करवून घ्यायचं, मागच्या ओसरीत, पाण्याच्या टाकीपाशी, आणि साहेब यायच्या दिवशी यायचं नाही.

मग मी रोज मधल्या सुट्टीत ओल्या फडक्यात कणीक गुंडाळून निघायचे. आम्ही टाकीपाशी बसायचो. ती उजव्या हाताने गोळा दाबायची, ओला पंचा दोन्ही हातांनी पिळायची, चिमटे ओढायची. कधी मूठ अजिबात सुटायची नाही, आणि मी तिच्यावर ओरडायचे, मग स्वतःवर. एका शनिवारी महूच्या बाई आल्या. त्यांनी मला गप्प केलं आणि तिला मटार सोलायला दिले. श्रावण संपता संपता तिचा उजवा तळहात पाटीवर सपाट टेकला. बोटं वाकडीच होती, पण पाटी सरकली नाही. त्या ओसरीत मी मोठ्याने रडले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असे. प्रत्येक मुलाने पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, आणि साऱ्या पाट्या ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. आम्ही आया ओसरीवर होतो. मुलीच्या नावाची पाटी मला सापडली. तिच्यावरची सरस्वती अशी रेखीव होती की सहा वर्षांच्या पोरीची ती असूच शकत नाही.

“ही तुझी?” मी विचारलं.

“माझी पुसली. बाईंनी नवीन काढून दिली. माझी डाव्या हाताची होती.”

मी वर्गाच्या बाईंना सगळ्यांदेखत धरलं. तरुण मुलगी होती, दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली. किती महिने ती पोर टाकीपाशी घाम गाळतेय, तुम्हाला दिसत नाही? तिची पाटी पुसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मोठ्या बाई धावत आल्या, कमिटीतले दोघे काठ्या टेकत आले. मी थांबले नाही.

वर्गाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी तर तिच्या भल्यासाठीच केलं हो, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही घरी तिचा तो हात बांधूनच ठेवता ना? तीच सांगते. मला वाटलं तुम्हाला चालत नसेल. मी बांधला तर नाही ना.”

मुलगी खाली बघत होती, आणि तिचा डावा हात आपला आपणच पाठीमागे गेला होता. कुणी बांधला नव्हता.

मी तिच्यापुढे पाटी ठेवली. ती रेखीव सरस्वती माझ्याच पदराने पुसली आणि म्हटलं, “काढ.” तिने उजवा तळहात पाटीवर टेकवला, डाव्या हातात पेन्सिल घेतली आणि एक एक करत आकडे काढले. सरस्वतीची मान जरा कललेली आली. मी ती पाटी ओळीत ठेवली. मोठ्या बाईंनी कमिटीवाल्यांकडे बघितलं, त्यांनी फुलांकडे बघितलं. दिवाळीनंतर हजेरीत तिचं नाव होतं, ते आत्ताच सांगून टाकते. पुन्हा कुणी चिठ्ठी पाठवली नाही.

शाळेवर मी आजही चिडते, कारण ते सोपं आहे.

घरी येताना ती माझं बोट धरून चालत होती, उजव्या हाताने. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, “घरी पण नाही बांधायचा?”

“घरी पण नाही.”

“आजोबा उठून जातील.”

“जाऊ देत.”

त्या दुपारी तिने डाव्या हाताने वरणभात कालवला. उजव्याने ताट धरलं होतं. सासरे उठून गेले. आम्ही जेवलो.