एक दाढी राहिली होती

"अहो, सगळ्या म्हाताऱ्यांची तोंडं घासूनपुसून फोटोला पाठवता, आणि तुमचं तोंड कुठंय? मोरीत!"

शेजारच्या काकू लसूण सोलत नवरा-बायकोचं हे भांडण ऐकत बसल्या होत्या. भिंत इतकी पातळ, की कान द्यायचीही गरज नव्हती.

"हळू बोल. वस्तरे धुतोय."

"धुवा, धुवा! पुढच्या जन्मी वस्तरा होऊनच या. निदान कुणीतरी पुसून पेटीत तरी ठेवेल."

नवरा पलटणीत न्हावी होता. साबण्या हे नाव त्याला जवानांनीच ठेवलेलं, आणि ते निवृत्तीनंतरही अंगाला चिकटलं ते चिकटलंच. लढाईत जखमींना उचलून आणताना त्याच्या पायाला गोळी लागली. तेव्हापासून तो लंगडायचा. त्याबद्दलचं पदक बायकोने कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवलं होतं.

दरवर्षी सैनिक संघाच्या हॉलमध्ये माजी सैनिकांचा सन्मान व्हायचा. आधी सगळ्यांचा फोटो, मग भाषणं. फोटो भिंतीवर लागायचा. म्हाताऱ्यांचे हात थरथरू लागलेले. स्वतः करायला गेले तर अर्धी दाढी आणि अर्धं रक्त. म्हणून त्या दिवशी उजाडताच साबण्या पेटी उचलून घरोघर फिरायचा. पलटणीतला ड्रायव्हर टेकडीवर राहायचा, त्याची दाढी सगळ्यात शेवटी. ड्रायव्हर लेकाच्या स्कूटरवरून पुढे जायचा, आणि साबण्या पेटी आवरून लंगडत हॉलवर पोचेपर्यंत फोटोवाला सामान आवरत असायचा. भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत गाल कसे गुळगुळीत, आणि ते गुळगुळीत करणारा एकातही नाही.

"एकदा तरी त्या भिंतीवर बसा," बायको म्हणायची. "मला बघायचंय."

एका हिवाळ्यात ती गेली. बघायचं राहूनच गेलं. लेक लांब, परगावी. फोनवर "बाबा, इकडे या ना" म्हणायची, हा "बघू" म्हणायचा. घरात तोंडाला तोंड द्यायला आरसा तेवढा उरला, आणि तो काही नवीन सांगत नव्हता.

पण तिच्या माघारी साबण्याने मनावर घेतलं. यंदा फोटोत बसायचंच. संघाच्या कॅप्टनसाहेबांना त्याने तसं सांगूनही टाकलं.

"म्हणजे? तू फोटोत नसतोस?" साहेब चाटच पडले. "आम्हाला वाटायचं, मागच्या रांगेत असशील कुठेतरी." मग त्यांनाच कसंसं झालं. "यंदा पुढची खुर्ची तुझी."

यंदा एक दाढी कमीही होती. ड्रायव्हर अंथरुणाला खिळलेला, तो काही हॉलवर येणार नव्हता. त्याला वगळलं तर कुणाचं अडत नव्हतं.

साबण्या वेळेवर पोचला. अंगात कोट, कोटावर पदक.

"कोट कुणाचा मारलास रे?" सुभेदाराने विचारलं.

"माझाच आहे. आतला माणूस आटलाय."

सगळे हसले. फोटोवाला रांगा सरळ करू लागला. सुभेदाराच्या कानाखाली साबण राहिला होता, तो साबण्याने रुमालाने पुसला, आणि हात तिथेच थबकला.

लढाईच्या दिवसांत, दवाखान्याच्या तंबूत, ड्रायव्हर डोळ्यांना पट्टी बांधून पडलेला असायचा. जखमी माणसाची दाढी करायची साबण्याची एक रीत होती. आधी कपाळावर तळहात टेकवायचा, वस्तरा मग. पातं धरणारा आपलाच आहे, हे माणसाला कळायला नको? कपाळावर हात पडला की ड्रायव्हर म्हणायचा, "आलास का साबण्या?"

आज तो सकाळपासून गळ्याला टॉवेल गुंडाळून वाट बघत पडला असणार.

साबण्या उठला, खुर्चीखालची पेटी उचलली.

"अरे, कुठे?" कॅप्टनसाहेब ओरडले. "फोटो!"

"एक दाढी राहिलीय, साहेब."

"ड्रायव्हर? तो येतोय कुठे इथे! त्याला कोण बघणार आहे?"

"तो बघेल ना. आरशात."

त्याच्या खुर्चीत एक पाहुणे बसले. भिंतीवर ते अजून हसताहेत. साबण्याची ही शेवटची फेरी. आठवडाभरात तो झोपेतच गेला. पण हे आपल्याला ठाऊक, त्याला कुठे माहीत होतं? टेकडी चढताना त्याच्या डोक्यात एवढंच, की वाटीतलं पाणी एव्हाना गार झालं असेल.

ड्रायव्हरच्या सुनेने दार उघडलं. "बरं झालं काका आलात! सकाळपासून चहासुद्धा घेत नाहीयेत. म्हणे, दाढीनंतर."

"उशीर केलास," ड्रायव्हर आतून म्हणाला.

"फोटोला बसलो होतो."

"काढला?"

"काढला की. पुढच्या रांगेत."

ड्रायव्हर खुलला. "वहिनी असत्या तर..."

"तोंड मीट. गाल कापेल."

साबण्याने कोट खुंटीला लावला, बाह्या वर केल्या, सुनेकडून गरम पाणी मागून घेतलं, बोट बुडवून पाहिलं, आणि डाव्या गालाला साबण लावायला घेतला.