उसवलेले टाके

"मावशी, तुमच्याकडे बघून कुणाला वाटेल का, घरात दाणा नाही म्हणून?"

जिंतूरच्या धान्य बँकेतला साहेब समद्या रांगेसमोर असं बोलला. माजा लेक शोभंल एवढा, इस्त्रीच्या शर्टातला. मी हिरवी साडी नेसले होते, भावानं दिवाळीला घेतलेली. चारठाण्याहून तालुक्याला जायचं म्हणल्यावर माणूस चांगलंच नेसतं ना? "देणाऱ्यांना फोटो पाठवावे लागतात. जुनी साडी नेसून या, मग देतो." माज्या हातात दिलेली गव्हाची पिशवी त्यानं परत घेतली. लय शरम वाटली.

रेशन महिनाभर पुरत न्हाई. सोयाबीन निघालं की रानातलं काम बंद. नवरा कमरेनं बसलेला, सासू म्हातारी. काय करावं? पुढल्या खेपेला जुनी साडी काढली. पण माज्या जुन्या साड्याबी फाटक्या दिसत न्हाईत. आईनं शिकवलेला बारीक टाका घालते मी. मंग माजे टाके मीच उसवले आन् गेले. साहेबानं फोटो काढला, गहू दिले.

मंग हेच सुरू झालं. एसटी स्टँडच्या संडासात साडी बदलायला बायांची ही गर्दी! चांगली साडी पिशवीत, फाटकी अंगावर. बांगड्याबी काढून ठेवायच्या. कुणी कुणाकडं बघत न्हाई. दिवसभर रानात तण निंदून थकत न्हाई, तेवढं गरीब दिसून थकले बाई मी.

परवा पुन्हा उसवायला बसले. सासू म्हणली, "अगं, चांगलं शिवल्यालं उसवायलीस कशापायी?"

हात थांबला. असला राग आला, माजाच मला. आईचा टाका, आन् मीच फाडायले! सुईत दोरा ओवला, होतं तसं शिवून टाकलं.

सकाळी हिरवी साडी नेसले, हातभर बांगड्या घातल्या, गेले.

"मावशी, सांगितलं होतं ना?"

मी म्हणलं, "साहेब, घरात पीठ न्हाई, हे खरं हाय. फाटकी साडी खोटी होती. द्यायचं तर ह्या साडीत द्या."

"नियम आहे," म्हणला, आन् मागच्या बाईला पुढं बोलावलं. तिनं पदराचं भोक फोटोत दिसंल असं वर घेतलं.

रिकामी पिशवी घेऊन आले. होत्या तेवढ्या कण्या शिजवून दोघांना वाढल्या. मी पाणी पिऊन निजले. अजून पोट जळायलंय.

पुढल्या वाटपाला मी जाणार. हिरवीच नेसून. रांगेत पहिली उभी राहणार आन् म्हणणार, काढ फोटो. दिलं तर घेईन, न्हाई दिलं तर त्याच्या पुढल्या वाटपाला पुन्हा उभी राहीन. टाका उसवणार न्हाई.