दोन दात पडलेली मोटार

मोटारमास्तरांना एखादी वस्तू चांगली आहे असं सुरुवातीलाच म्हणता येत नसे. आधी तिची खोड सांगायची, मग गुण. वांगी दिली तर म्हणायचे, "देठ शिळा आहे. बाकी वांगं झकास." मेहुणीच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा सगळे गप्प बसलेले असताना यांनी जाहीर केलं, "मुलगी झोपेत बडबडते हं. आधी सांगितलेलं बरं." तरीही ते लग्न जमलं, हे त्या पोरीचं नशीब!

हा वारसा वडिलांचा. वडील बैलांच्या बाजारात उठबस करणारे, आणि मास्तर त्यांचं वाक्य येता जाता ऐकवायचे : "खोड लपवून विकलं तर बैल परत येत नाही, बोल परत येतो." स्वतः मास्तर शिकले, सोलापुरात शाळेवर चित्रकला शिकवू लागले, पण ही सवय काही सुटली नाही. आमचं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी, त्यामुळे माझ्या स्वयंपाकाच्या खोडी मला दर सणाला ऐकाव्या लागत.

त्यांच्या अंगणात ती मोटार उभी होती, म्हणून ते मोटारमास्तर. एका देशमुखांच्या गोठ्यात कडब्याखाली पडलेली ही जुनाट विलायती गाडी त्यांनी बैल जुंपून ओढत आणली होती. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, आणि वर टपाचा नुसता सांगाडा. रविवार उजाडला की मास्तर तिच्याखाली. फक्त पाय दिसायचे. आम्ही बायका त्या पायांशीच बोलायचो.

मास्तरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या कुंभारी गावाकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्या मोटारीला सवत म्हणायच्या. "सवतीला डबाभर त्याल लागतंय, आन् माझ्या डोस्क्याला वाटीभर मागितलं तर ह्यांचं त्वांड वाकडं!" असं म्हणत म्हणत याच बाईने सोलापुरी चादरी कापून त्या सवतीच्या बैठका शिवल्या होत्या. टाके असे घट्ट, की विचारू नका.

खंडेनवमीला मास्तर गाडीला झेंडूची माळ घालायचे, पुढून हँडल मारायचे, आणि इंजिन असं काही गर्जायचं की आमच्या फडताळातली भांडी नाचायची. गाडी मात्र जागची हलायची नाही. आत गियरचं एक चाक होतं, त्याचे दोन दात पडलेले. ती गाडी बनवणारी कंपनीच विलायतेत बुडाली होती, नवं चाक आणायचं कुठून? "घसा आहे, पाय नाहीत," मास्तर म्हणायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा खाली शिरायचे.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. मास्तरांना दम्याने धरलं, गाडीखाली सरपटणं होईना. आणि जागेच्या मालकाला अंगणात माग बसवायचे होते. संक्रांतीपर्यंत अंगण मोकळं करा, म्हणाला. गाडी विकायची हे ठरलं. कशी विकायची, हे काही ठरेना.

एक गिरणीवाला आला. त्याला इंजिन तेवढं हवं होतं, पीठ दळायला. बाकी लोखंड मोडीत. भाव चांगला देत होता. दुसरा आला तो पेठेतला व्यापारी. म्हणाला, "मास्तर, रंग मारा, दिवे घासा, टप चढवा. लग्नाच्या वरातीला भाड्याने देईन. चालत नाही हे सांगायचं कशाला? पुढे बैल लावू, वर फुलं टाकू."

"म्हणजे खोड झाकायची," मास्तर म्हणाले.

"अवो, तुमी इकायला निघालाय का बदनामी करायला?" काकू आतून कडाडल्या. "घेतोय तर घेऊ द्या की!"

त्या दिवसांत मास्तरांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं, तो चेहरा मला अजून आठवतो. एकदा मलाच म्हणाले, "पैसा येईल हो, पण मोडीत घातली तर इतकी वर्षं मी केलं काय? आणि रंग फासून दिली तर तिच्या पोटात कोण हात घालणार? हिला पुरी करणारा माणूस पाहिजे." मी म्हटलं, "असा माणूस मिळणार कुठे?" तर म्हणाले, "जिथे खोड बघून घेतात, तिथे."

आणि काय केलं असेल? संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात मोटार नेऊन उभी केली! एका अंगाला खिलारी खोंड, दुसऱ्या अंगाला म्हशी, मध्ये ही पितळी डोळ्यांची बया. काकू आणि मी मागे उभ्या, आणि लोक हसून हसून बेजार. बैलाचं वय विचारावं तसं एका शेतकऱ्याने थट्टेने विचारलं, "मास्तर, दाती किती?"

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "दोन दात पडलेत. आत गियरला. म्हणून चालत नाही. टप अर्धवट आहे, मागचं चाक डगमगतं. बाकी जनावर गुणी आहे."

हशा पिकला. पण एक माणूस हसला नाही. अक्कलकोट रस्त्यावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी दुरुस्त करणारा तो उस्ताद. तो मुकाट्याने गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा मास्तरांनी एकच विचारलं, "तोडणार का जोडणार?"

"तोडने कू क्या, कोई बी तोडता," उस्ताद हात पुसत म्हणाला. "दात मैं घडवूंगा, मास्तर. टैम लगेगा."

बाजाराच्या रीतीप्रमाणे दोघांनी रुमालाखाली हात घातले, बोटांनी भाव झाला. गिरणीवाल्यापेक्षा कमीच झाला, हे काकूंच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

बैल जुंपले, आणि काकूंनी पुढचं हँडल उपसून पदराखाली घेतलं. उस्ताद बघतच राहिला.

"दावं देत न्हाईत," काकू म्हणाल्या. "इकल्याल्या जनावरासंगं दावं दिलं तर घरची लक्षुमी जाती."

"मगर अम्मा, इसके बगैर चालू कैसी करूं?"

आता हसावं का रडावं! काकूंची मूठ काही सुटेना. त्या सवतीसाठी त्यांचे डोळे भरून आले होते. मास्तर जवळ गेले, हळूच म्हणाले, "अगं, दावं बांधायला असतं. हे तर सोडायला आहे." काकूंनी हँडल दिलं.

मास्तर त्याच वर्षी श्रावणात गेले. शेवटपर्यंत उस्तादाचा काही निरोप नव्हता, आणि त्यांनीही चौकशी केली नाही. "शब्द दिलेल्या माणसाला टोचू नये," म्हणायचे. माणूस साधा, पण मला त्यांच्यासारखा दुसरा भेटला नाही, हे खरं.

कार्तिकात एका सकाळी माझी भांडी वाजू लागली. धावत बाहेर आले, तर गल्लीतून मोटार येत होती. बैल नाही, काही नाही, आपल्या पायांनी! स्टिअरिंगवर उस्ताद. "मास्तर किदर हैं?" तो लांबूनच ओरडला. तेवढ्यात काकू दारात आल्या. त्यांचं मोकळं कपाळ पाहून काय ते तो समजला आणि इंजिन बंद करायला वाकला.

"बंद नगा करू, भाऊ. चालू ऱ्हाऊ द्या."

आत जाऊन त्यांनी करंडा आणला आणि माझ्यापुढे धरला. "लाव बाई गाडीला कुक्कू. पयल्यांदा चालत आली. मला काय आता लावता येत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "बैठका शिवल्या तुम्ही, सवत म्हणून सांभाळली तुम्ही, आणि कुंकू मी लावू? मी नाही लावणार, जा!"

दारादारांत बायका उभ्या होत्या. काकूंनी एकदा सगळ्या गल्लीवरून नजर फिरवली, करंड्यात बोट बुडवलं, आणि पुढे होऊन पितळी दिव्याच्या वर टिळा लावला. इंजिनाच्या थरथरीने तो जरा वाकडाच लागला.

"जावा आता," त्या उस्तादाला म्हणाल्या. "सांभाळून."

गाडी वळणाआड गेली, आवाजही विरला, बायका आपापल्या घरात गेल्या. काकू तशाच उभ्या होत्या. ते कुंकवाचं बोट त्यांनी पदराला पुसलं नाही.